न खाल्लेल्या लाठीची डोकेदुखी

मोठ्या डॉक्टरांनी नारळ वाजवून बघावा तसे माझे डोके दोन बोटांनी वाजवले आणि माझ्याकडे न बघता माझ्या बायकोला सांगितले, ‘‘आम्हाला सबड्यूरल हिमॅटोमाची शंका आहे.’’

सबड्यूरल हिमॅटोमा म्हणजे कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये हळूहळू रक्त साचणे. डोक्याला मार लागतो, माणूस उठून कामाला लागतो आणि आत रक्त थेंबाथेंबाने जमत राहते. दोन-तीन महिन्यांनी डोके दुखू लागते. मग एक दिवस माणूस उठत नाही. हे सगळे त्यांनी कुसुमला समजावून सांगितले. डोके माझे होते, पण इस्पितळात आजाऱ्याला सांगायची पद्धत नसावी.

‘‘मग आता?’’ कुसुमने विचारले.

‘‘परवा सकाळी कवटीला दोन भोकं पाडून बघू. रक्त असेल तर निघून जाईल.’’

‘‘आणि नसेल तर?’’

‘‘तर नाही म्हणून कळेल.’’

परळच्या त्या मोठ्या इस्पितळातल्या खाटेवर पडल्या पडल्या मला दरदरून घाम फुटला. कारण त्या खोलीत एकच माणूस असा होता, ज्याला ठाऊक होते की हे निदान ज्या लाठीवर उभे आहे ती लाठी माझ्या डोक्यावर कधी पडलीच नव्हती. तो माणूस मी.

तुमचे डोके दुखत असेल आणि तुम्ही डॉक्टरांकडे निघाला असाल, तर पायात चपला घालण्यापूर्वी हे वाचा. माझ्या शहाणपणासाठी नव्हे. शहाणपणा असता तर लिहायला काही उरलेच नसते.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे ते दिवस. आमचे लालबाग म्हणजे रोज सभा, रोज मोर्चा. मी गिरणीत फोल्डिंग खात्यात होतो. विणून आलेले कापड उजेडाच्या टेबलावरून सरकत जायचे आणि त्यातले डाग, तुटके धागे, भोके शोधायची, हे माझे काम. दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढायचा पगार मिळत असल्यामुळे स्वतःच्या चुकांकडे बघायला सवड नसे. संध्याकाळी मी चाळीच्या तुकडीत घोषणा द्यायचो. आवाज मोठा होता. धैर्याचे माप आवाजावरून काढायचे असते तर मी मोठाच माणूस होतो.

त्या दिवशी नाक्यावर पोलिसांच्या शिट्ट्या झाल्या, अश्रुधुराचे नळकांडे फुटले आणि पुढची रांग मागे वळली. मी पुढच्या रांगेत नव्हतो, पण वळण्यात मी सगळ्यांच्या पुढे होतो. समोर पार्वतीमावशीचे मसाला कांडायचे दुकान उघडे दिसले. आत शिरलो आणि मिरच्यांच्या गोणीमागे उकिडवा बसलो.

मिरच्यांच्या गोणीमागे लपणे ही कल्पना ज्याने केली त्याचे डोके मुळातच दुखण्याच्या लायकीचे. दोन श्वासांत नाक चुरचुरले, तिसऱ्यात शिंक आली. शिंक अशी आली की मी उभाच राहिलो. आणि वर पोटमाळ्याची सागवानी तुळई होती.

रक्त खूप आले. डोक्याची जखम लहान असली तरी रक्त फार देते, हे मला पुढे कळले. डोळ्यांतून मिरचीचे पाणी, कपाळावरून रक्त, अशा अवस्थेत मी धडपडत बाहेर आलो. नेमके तेव्हाच आमच्या चाळीचे आबा समोरून आले. आबा म्हणजे चाळीच्या कमिटीचे अध्यक्ष. साध्या वाक्याचेही भाषण करणारा माणूस.

‘‘लाठी!’’ आबा ओरडले. ‘‘आपल्या गजाननाला लाठी बसली! अरे, धरा, धरा!’’

मी खोटे बोललो नाही. मी फक्त ‘नाही’ म्हणालो नाही. चार जणांनी मला उचलले आणि माझ्या नावाच्या घोषणा देत डॉक्टर नाडकर्ण्यांच्या दवाखान्यात आणले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या नावाने ओरडलो होतो. आपले नाव इतक्या जोरात ऐकल्यावर, सांगा, तुम्ही तरी ‘नाही’ म्हणाला असता का?

नाडकर्ण्यांनी तीन टाके घातले. ‘‘काय लागलं?’’ त्यांनी विचारले. दारातून पंधरा माणसे म्हणाली, ‘‘लाठी.’’ डॉक्टरांनी माझ्याकडे बघितले. मी डोळे मिटून घेतले. त्यांनी ते दुखण्यामुळे असे धरले असावे.

चाळीत माझा भाव वाढला. नळावर कुसुमची बादली लोक पुढे सरकवू लागले. जखम ठणकायची म्हणून खात्यातल्या एकाने डोकेदुखीची पुडी दिली. तांबूस कागदातली पांढरी पूड चहाबरोबर तोंडात टाकायची. पानाच्या ठेल्यावर मिळायची. अर्ध्या तासात ठणका गेला. काय सांगू, जादूच. दुसऱ्या दिवशी परत घेतली. जखम आठवड्यात भरली, टाके निघाले. पण पुडी घेतली नाही की दुखायचे. म्हणून घ्यायची. सकाळी एक, टेबलाला लागताना एक, जेवल्यावर एक. मोजतो कोण? दुखते म्हणून घेतो, त्यात काय मोजायचे?

दोन महिन्यांत डोके रोजच धरू लागले. कपाळाला कोणी तरी सुंभ बांधून पीळ देते आहे असे. सकाळी डोळे उघडायच्या आधी दुखणे हजर.

मग चाळीने माझे डोके ताब्यात घेतले. कोणी सुंठ उगाळून थापली, कोणी नाकात गाईचे तूप सोडले. गिरगावातल्या वैद्यांनी पित्त सांगितले आणि जे जे मला आवडते ते बंद केले. दादरला चष्म्याच्या दुकानदाराने चष्मा दिला. चष्म्यातून मला कापडावर नसलेले डाग दिसू लागले. वरच्या मजल्यावरच्या एका जाणत्याने शपथेवर सांगितले की दाढेचे दुखणे डोक्यात चढते. मी मुकाट्याने जाऊन चांगली धडधाकट दाढ उपटून घेतली. डोके होते तिथेच होते. दाढ मात्र नव्हती.

प्रत्येक ठिकाणी बाकावर तासतासभर बसायचे, आणि नंबर आला की एकच प्रश्न, ‘‘कशानं सुरू झालं?’’ मी सांगायचो, ‘‘लाठीनं.’’ लगेच खुर्ची मिळायची. मग आपण तरी त्या खुर्चीला जागायला नको का? गिरगावात एक लाठी होती. दादरला पोचेपर्यंत दोन झाल्या. परळच्या मोठ्या इस्पितळात दाखवले तेव्हा मी पाच मिनिटे बेशुद्ध पडलो होतो, मला दोनदा उलटी झाली होती आणि अधूनमधून डाव्या हाताला मुंग्या येत होत्या. मुंग्या मी तिथल्या बाकावर शेजारच्या आजाऱ्याकडून उसन्या घेतल्या. त्याला येत होत्या, आणि त्याला आधी आत बोलावले होते.

म्हणजे बघा, डोक्यात भोके पाडण्याची सगळी तयारी मी माझ्याच तोंडाने करून दिली.

आठ दिवस तपासण्या झाल्या. कवटीचा एक्स-रे काढला. हाड शाबूत. एका अंधाऱ्या खोलीत डोळ्यांत थेंब घालून आरशाच्या दिव्याने आत बघितले. याला फंडस बघणे म्हणतात. मेंदूवर दाब आला की डोळ्याच्या मागच्या पडद्यावर सूज दिसते. ती नव्हती. गुडघ्यावर रबरी हातोडी मारली, पाय व्यवस्थित उडाला. आता इतके सगळे ठीक म्हटल्यावर सोडून द्यावे की नाही? पण नाही. ‘‘तपासणीत काही नाही, पण हिस्टरी फार बोलकी आहे,’’ मोठे डॉक्टर म्हणाले. हिस्टरी म्हणजे आजाऱ्याने सांगितलेली हकिगत. माझी हिस्टरी बोलकी असणारच. बोलणारा मी होतो.

भेटीच्या वेळेला आबा हार घेऊन आले. बरोबर तळमजल्यावरचा शंकर, गिरणीत साच्यावर म्हणजे मागावर काम करणारा, माझ्याच वयाचा. साच्यात बोटे अडकली म्हणे, उजव्या हाताला पट्टी होती म्हणून डाव्या हातात केळी धरून उभा. आबांनी खाटेशीच भाषण सुरू केले. चाळीने माझा सत्कार ठरवला होता. शाल आणली होती. ‘‘गजानना, तू नुसता बरा होऊन ये,’’ आबांनी हार माझ्या गळ्यात घातला. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने मला हात जोडले. अशा वेळी कसे सांगायचे, की मी तुळईला आपटलो?

नाही सांगितले. कुसुमने संमतीच्या कागदावर सही केली. तिने पदराने डोळे पुसले आणि विचारले, ‘‘अहो, भोकं परत बुजवतात ना?’’ तेव्हाही मी गप्प बसलो. या सगळ्या हकिगतीत मला कशाची लाज वाटत असेल, तर त्या गप्प बसण्याची.

दुसऱ्या दिवशी दुपारी डोके भादरायला न्हावी आला. उजवी बाजू साफ झाली. वस्तरा डावीकडे वळला, पाते कानामागे थंडगार लागले, आणि माझ्या तोंडून सत्य बाहेर पडले.

‘‘थांबा! मला लाठी लागलेली नाही!’’

न्हाव्याने वस्तरा पुसला. ‘‘सगळे असंच काहीतरी बोलतात, साहेब. हलू नका.’’

मी त्याचा हात धरून आरडाओरडा केला. हाऊसमन, म्हणजे तिथेच राहणारे तरुण डॉक्टर, धावत आले. मी त्यांना सगळे सांगितले. मिरच्या, शिंक, तुळई, उसन्या मुंग्या, सगळे. त्यांनी फार शांतपणे ऐकले, माझी नाडी बघितली आणि कागदावर इंग्रजीत एक शब्द लिहिला. कन्फ्यूज्ड. मला तेवढे इंग्रजी वाचता येत होते, हीच पंचाईत. कन्फ्यूज्ड म्हणजे आजाऱ्याला भ्रम झाला आहे.

‘‘मेंदूवर दाब वाढला की असं होतं,’’ ते परिचारिकेला म्हणाले. ‘‘उद्या सकाळी यांचा पहिला नंबर घ्या.’’

आता काय म्हणावे! अडीच महिने खोटे बोलत होतो तेव्हा एकाने शंका घेतली नाही. आयुष्यात एकदा खरे बोललो तर तो माझ्या आजाराचा पुरावा ठरला. मी जितका ओरडलो तितका माझा मेंदू दबत गेला. शेजारचा म्हातारा हळहळला, ‘‘अरेरे, इतका धीराचा माणूस!’’

चार वाजता कुसुम आली. अर्धे भादरलेले डोके बघून तिने तोंडावर हात ठेवला. मी तिचा हात धरला आणि पुन्हा पहिल्यापासून सगळे सांगितले. या वेळी ओरडलो नाही.

तिने आपला हात सोडवून घेतला. मग म्हणाली, ‘‘तरीच. त्या दिवशीचा तुमचा शर्ट धुतला तर माझे हात दोन दिवस जळत होते. शर्टभर मिरची होती.’’

‘‘मग तू बोलली का नाहीस?’’

‘‘मावशीच्या दुकानात गेला होतात एवढं कळलं. तिथे लाठी कुठून आली, ते कळत नव्हतं. म्हटलं, तुम्ही सांगाल.’’ ती उठली. पिशवीतला पेजेचा डबा माझ्या मांडीवर आदळला. ‘‘अडीच महिने वाट बघितली मी. आता गुपचूप पडा. एक शब्द बोलू नका. जितकं बोलता तितकी भोकं वाढताहेत.’’

तासाभरात ती परतली ती डॉक्टर नाडकर्णी आणि पार्वतीमावशी दोघांना घेऊन. मावशी कामावरून तशीच आली होती, तांबड्या भुकटीने माखलेली. तिच्या येण्याबरोबर आमच्या वॉर्डात पाच जण शिंकले. माझ्या बाजूने पडलेली ती पहिली साक्ष.

मोठे डॉक्टरही फेरीवर आले होते. नाडकर्ण्यांनी त्यांच्याशी इंग्रजीत दोन शब्द बोलून मावशीला पुढे केले.

‘‘लाठी खयची?’’ मावशी म्हणाली. ‘‘पोलीस रस्त्यार. हो माझ्या गोणयेआड. शिंकलो नि उठलो, नि टाळको तुळयेर! रगत माझ्या तुळयेक लागला, ता माकाच पुसूचा लागला.’’

‘‘शुद्ध हरपली होती का?’’ मोठ्या डॉक्टरांनी विचारले. ‘‘पाच मिनिटं?’’

‘‘शुद्ध? माझी शेरभर मिरची सांडून पळालो तो!’’

‘‘इतके दिवस का नाही बोललात?’’

मावशीने माझ्याकडे बघितले. ‘‘म्हटला, झिलाचो मान जाता. माका काय म्हायत, मानासाठी मेलो डोक्याक भोका पाडून घेतलो म्हणान?’’

मोठे डॉक्टर हसले नाहीत. ते म्हणाले, ‘‘तुळईला लागलं तरी रक्त साचू शकतं. डोक्याला लाठी आणि लाकूड यांतला फरक कळत नाही. पण बेशुद्धी?’’ मी नकारार्थी मान हलवली. ‘‘उलट्या?’’ मान हलवली. ‘‘हाताच्या मुंग्या?’’ मी बाकावरच्या शेजाऱ्याची हकिगत सांगितली. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. तेवढ्या वेळात मी किती लहान झालो, ते मोजायचे यंत्र त्या इस्पितळात नव्हते.

‘‘दोन दिवस इथेच नजरेखाली राहू दे,’’ ते नाडकर्ण्यांना म्हणाले. ‘‘काही बिघडलं नाही तर तुम्ही घेऊन जा. माणूस तुमचा आहे.’’

नाडकर्णी निघाले तेव्हा मी त्यांना हळूच म्हटले, ‘‘वाचलो. नाहीतर यांनी उगाच माझं डोकं फोडलं असतं.’’

‘‘उगाच?’’ इतक्या वर्षांत त्यांचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकला. ‘‘तुम्ही जी हकिगत सांगितलीत, गजाननराव, ती ऐकून मीसुद्धा भोकंच पाडली असती. डोकेदुखी एक्स-रेत दिसत नाही. ती फक्त तुम्हाला दिसते. तुम्ही सांगाल तेवढंच आमच्या हातात.’’

दोन दिवसांनी मी अर्धे भादरलेले डोके टोपीखाली झाकून घरी आलो. चाळीत बातमी माझ्या आधी पोचली होती. आबा आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आबांसारख्या माणसाला आठ दिवस गप्प बसवणे, हे या चळवळीतले माझे एकमेव कार्य.

आणि डोके? डोके दुखतच होते!

नाडकर्ण्यांचा दवाखाना म्हणजे एक खोली, मध्ये पडदा, पडद्यामागे कंपाउंडर मिक्श्चरच्या बाटल्यांना कागदाच्या खुणा चिकटवत बसलेला. मी आणि कुसुम तासभर बाकावर बसलो. आत गेल्यावर डॉक्टरांनी कोरा कागद घेतला आणि पहिल्यापासून विचारायला सुरुवात केली, जणू मला आजच बघत होते. दुखते केव्हा? कुठे? एका बाजूला की सगळीकडे? ठोके पडतात की आवळते? उजेड सहन होतो का? दुखायच्या आधी डोळ्यांपुढे काजवे चमकतात का? घरात आणखी कोणाला? मार लागायच्या आधी दुखायचे का? शेवटी विचारले, ‘‘आणि थांबतं कशानं?’’

‘‘पुडीनं.’’

‘‘किती पुड्या घेता?’’

‘‘कधीमधी, एखादी.’’

कुसुमने पिशवीतून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला, झाकण उघडले आणि डॉक्टरांच्या टेबलावर पालथा केला. तांबूस कागदांचा ढीग पडला. दोन कागद पंख्याच्या वाऱ्याने उडून पडद्यापलीकडे गेले.

‘‘शेगडी पेटवायला ठेवते मी,’’ ती म्हणाली. ‘‘हे फक्त इस्पितळात जायच्या आधीच्या पंधरा दिवसांचे. खिशातले आणि उशीखालचे. गिरणीत टाकून येतात ते वेगळे. आणि इस्पितळातही उशाच्या खोळीत निघाले.’’

डॉक्टरांनी कागद मोजले. मोजून झाल्यावर मागे टेकून बसले. रोजच्या आठ तरी पडत होत्या.

‘‘यात काय असतं माहीत आहे? ॲस्पिरिन, फेनासिटीन आणि कॅफिन. पहिली दोन दुखणं मारणारी. कॅफिन म्हणजे चहातली तरतरी. दुखतं म्हणून तुम्ही पुडी घेता. पुडीचा अंमल उतरला की डोकं पुन्हा मागतं. ते मागणं म्हणजेच तुमची ही डोकेदुखी. आता दुखणं पुडीमुळे आहे, आणि पुडी दुखण्यामुळे.’’

‘‘पण पुडी घेतली की थांबतं, डॉक्टर!’’

‘‘दारूड्याचा हातही दारू घेतली की थरथरायचा थांबतो.’’ त्यांनी कागद परत डब्यात भरले. ‘‘पुस्तकात मला याबद्दल फारसं सापडलेलं नाही. पण या गिरणगावात मी अशी डोकी बरीच बघितली. पुड्या बंद.’’

‘‘हळूहळू?’’

‘‘आजपासून. चहा दिवसाला दोनच कप. पहिले काही दिवस आत्ता दुखतं त्याच्या दुप्पट दुखेल. तेव्हा मला शिव्या द्या, पण पुडी घेऊ नका.’’

मग त्यांनी दुसरा उपाय सांगितला. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज खूण करायची. दुखले तर फुली, किती दुखले तेवढ्या फुल्या, पुडी घेतली तर टिंब. मी पेन्सिल घ्यायला हात पुढे केला. त्यांनी पेन्सिल कुसुमच्या हातात दिली.

पुढच्या दिवसांचे वर्णन थोडक्यात करतो, कारण मला ते नीट आठवत नाहीत आणि कुसुमला फार नीट आठवतात. पहिल्या दिवशी ठीक. दुसऱ्या दिवशी डोके फुटते की काय असे झाले. तिसऱ्या दिवशी उलट्या झाल्या, या वेळी खऱ्या, आणि कोणीही खुर्ची दिली नाही. चौथ्या दिवशी मी डॉक्टरांना, त्यांच्या डिग्रीला आणि त्यांच्या कंपाउंडरला नावे ठेवली. पाचव्या दिवशी पानाच्या ठेल्यापर्यंत गेलो. ठेलेवाला म्हणाला, ‘‘वहिनी येऊन सांगून गेल्यात.’’ असे माझे घर, अशी माझी चाळ. लाठीवर विश्वास, माझ्यावर नाही.

नवव्या दिवशी सकाळी जाग आली. मी सवयीने दुखण्याची वाट बघत पडून राहिलो. ते आले नाही. नळावरची भांडणे ऐकू आली. त्यातले शब्द कळले. कितीतरी दिवसांत मी शब्द ऐकले नव्हते, नुसता आवाज ऐकत होतो. कुसुमने माझ्याकडे बघितले, पेन्सिल घेतली, कॅलेंडरपाशी गेली आणि काहीच न लिहिता परत आली.

महिन्याभरात कॅलेंडरवर फुल्या विरळ झाल्या. उरल्या त्या टेबलावर जास्तीचे काम पडले त्या दिवसांच्या. ते डोके मानेतून आणि डोळ्यांतून दुखते, डॉक्टर म्हणाले. तासाभराने उठावे, लांब बघावे, मान फिरवावी. आठवड्यातून एखादी गोळी चालेल, त्याहून जास्त नाही. आणि कायम लक्षात ठेवायची गोष्ट त्यांनी बोटावर मोजून सांगितली. अचानक वीज पडल्यासारखे दुखले, तापाबरोबर मान ताठली, हात किंवा पाय लुळा पडला, बोलणे अडखळले, दिसायचे कमी झाले, डोक्याला मार लागल्यावर गुंगी आली, तर दवाखान्यातही वेळ घालवायचा नाही, थेट मोठे इस्पितळ. ‘‘आणि खरं झालं असेल तरच सांगायचं,’’ ते म्हणाले. हे शेवटचे वाक्य ते सगळ्यांना सांगत नसावेत.

त्याच दिवशी बाकावर शेजारी शंकर होता. उजव्या हाताची पट्टी सुटली होती, पण दोन बोटे वाकडीच राहिली होती. इतक्या दिवसांत मी त्याला एकदाही नीट विचारले नव्हते. माझे डोके एवढे मोठे होते की त्यापलीकडचे दिसतच नसे.

‘‘साच्यात कशी रे अडकली?’’

त्याने आजूबाजूला बघितले. ‘‘साच्यात खयची? तू आत शिंकत होतास ना, तेवा मी भायर होतंय.’’

‘‘मग चाळीत का नाही सांगितलंस?’’

‘‘आवस रडात. परत खय जाऊक देवची नाय.’’ आणि हसून म्हणाला, ‘‘तसो चाळीत एक लाठीवालो होतोच.’’

आबांबरोबर माझ्या खाटेशी आला होता तेव्हा त्याची तीच बोटे पट्टीत होती. डाव्या हातातली केळी त्याने माझ्या उशाशी ठेवली होती, आणि मी ती खाल्लीही होती.

महाराष्ट्र राज्य झाले त्या दिवशी चाळीत रोषणाई झाली. मी घोषणा दिल्या. पुन्हा तोच आवाज, आणि डोके शांत. आबांनी माझ्यासाठी आणलेली शाल ट्रंकेतून काढली. अजून घुश्शातच होते. ‘‘हिचं आता काय करू? घेतलेली शाल परत होत नाही.’’ मी त्यांच्या कानात शंकरचे नाव सांगितले. शंकरने ते बघितले, ओळखले आणि लांबूनच मान हलवली. पहिल्याच रांगेत त्याची आई बसली होती. ‘‘माका नको,’’ तो ओरडला, ‘‘उकाड्यात शाल कोण घेता?’’ सगळे हसले. त्याची आई सगळ्यांत जास्त.

शेवटी पार्वतीमावशी उठली. ‘‘हय आणा ती. माका काम आसा.’’

मी आज हे लिहितो आहे ते नाडकर्ण्यांचे उपकार स्मरून. त्यांनी मला बरे केले म्हणून नव्हे, तर माझे खोटे उघडे पडल्यावरही त्यांनी कोरा कागद घेतला म्हणून. तुम्हालाही असा डॉक्टर मिळो. आणि त्याच्याकडे जाताना दोन गोष्टी बरोबर न्या. एक, खाल्लेल्या सगळ्या औषधांचे कागद. दुसरी, घरात जे माणूस तुमचे कपडे धुते, ते.

ती शाल अजून आहे. मावशीने ती पोटमाळ्याच्या तुळईला गुंडाळून सुतळीने आवळून बांधली आहे. मिरचीने तिचा रंग ओळखू येत नाही. दर उन्हाळ्यात कुसुमबरोबर मी मसाला कांडायला जातो, तेव्हा मावशी आतून ओरडते, ‘‘गजा, तुझो सत्कार बघ हां!’’ आणि मी वाकतो.